बाळ साताऱ्याला पाठवता, मग आईलाही पाठवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

पाटण, जावळी, माण-खटावकडे एखादी बाई दीड किलोच्या बाळाला जन्म देते. बाळाला धाप लागते, अंग गार पडते, १०८ येते आणि बाळ साताऱ्याच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, जाते. बरोबर बाप नाहीतर आजी. आई मागेच राहते. कारणे खोटी नसतात: गाडीत स्ट्रेचर एकच, टाके ओले, पहिल्या २४ तासांत रक्तस्रावाची धास्ती, आणि घरच्यांचे 'ओल्या बाळंतिणीला वारा लावू नका'. पहिल्या दिवसापुरते आम्हालाही हे मान्य आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिला बाळाजवळ आणायला मात्र कोणीच बांधील नसते, आणि आमचे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे.

आई दूर राहिली की आधी दूध आटते. बाळ ओढत नसेल तर जन्मानंतर पहिल्या तासा-दोन तासांतच हाताने दूध काढायला लागायचे. मग दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा, त्यात रात्री एकदा तरी. पहिल्या दिवशी चीक थेंबाथेंबाने येतो, सगळा मिळून चमचाभर. पंपात तो चिकटून वाया जातो, म्हणून स्वच्छ वाटीत किंवा सिरिंजमध्येच धरावा. अंगठा वर, बोटे खाली, स्तनाग्राच्या मुळापासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे दाब, मग बोटे एकमेकांकडे. स्तनाग्र ओढून दूध येत नाही, चिरा तेवढ्या पडतात. घरी हे दाखवणारे कोणी नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, कणकण येते, आणि साठून राहिलेले दूधच नवे दूध बनणे थांबवते. मग 'मला दूधच नाही' असे तीच सांगू लागते आणि पावडरचा डबा येतो. घरून दूध पाठवणे हा उपाय नव्हे. साध्या तापमानाला ते चारेक तास ठेवता येते; कोयनेच्या जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातून लाँचने तापोळ्याला आणि तिथून साताऱ्याला पोचेतो ती मुदत संपलेली असते.

शिवाय दूध बनणे वेगळे आणि उतरणे वेगळे. बाळ दिसले, त्याचा वास आला, रडणे कानावर पडले की पान्हा फुटतो. दुखणे आणि धास्ती असली की अडतो. काचेपलीकडच्या बाळासाठी तो फुटावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता मायेचे. बाळ आईचा आवाज पोटातूनच ऐकत आलेले असते, तिचा वास थोड्याच दिवसांत ओळखते. आईला मात्र बाळ शिकावे लागते. भुकेले बाळ आधी जीभ बाहेर काढते, मूठ तोंडाशी नेते, मान वळवून शोधते. रडते ते शेवटी. कमी दिवसांचे तर भूक असूनही न रडता झोपून राहते. या खुणा सिस्टरने सांगून कळत नाहीत, तासन्‌तास बघून कळतात. एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण थेट सुट्टीच्या दिवशी बाळ हातात घेते तेव्हा 'सिस्टर, उचलू का?' असे विचारते. स्वतःच्या लेकराला! पहिल्या आठवड्यातले रडू बहुतेकींचे दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही राहिले, झोप उडाली, बाळाकडे बघावेसे वाटेना, तर ती आजारी आहे, तिला उपचार हवेत. घरात मात्र 'हिला मायाच नाही' असा शिक्का बसतो.

यावरचा इलाज जवळजवळ बिनखर्चाचा आहे: कांगारू पद्धत. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. आईच्या उघड्या छातीवर उभे धरायचे, पाय बेडकासारखे दुमडलेले, डोके एका बाजूला, हनुवटी किंचित वर. मान पुढे वाकली की श्वासनलिका दुमडते, हीच सर्वांत धोक्याची चूक. फडक्याची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली यावी. छातीशी घट्ट चालते, पोटावर आवळू नये, कारण बाळ पोटाने श्वास घेते. एका वेळी किमान एक तास. दर दहा मिनिटांनी काढ-घाल केली तर बाळ उलट दमते. प्लास्टिकच्या सरळ खुर्चीत हे जमत नाही, सिझेरियन झालेलीला तर नाहीच. मागे कलणारी खुर्ची किंवा डोक्याकडून उचलता येणारी खाट लागते. आई थकली की बापाने, आजीने घ्यावे.

भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एक ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या अंगाशी ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. जंतुसंसर्गाचा संशयही कमी बाळांत आला; 'आया आत आल्या की इन्फेक्शन वाढते' म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तीच आहे: दिवसाचे ८ ते २४ तास.

पालकांना एसएनसीयूत घेण्याची केंद्राची मार्गदर्शिका २०१७ पासून आहे. अडते ते दुसरीकडे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आईला मोफत जेवण नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस, सिझेरियननंतर सात. दीड किलोचे बाळ तेवढ्यात घरी जात नाही. आईची कागदोपत्री सुट्टी होते, खाट जाते, ताट जाते, आणि उरतो व्हरांडा.

म्हणून एक आदेश काढा. बाळ रेफर झाले की आईचे रेफरही त्याच कागदावर व्हावे, आणि डॉक्टरांनी हलवायला हरकत नाही म्हटल्यापासून २४ तासांत १०२च्या गाडीने तिला आणावे. बाळ दाखल असेपर्यंत तिची खाट आणि दोन वेळचे जेवण चालू राहावे. एसएनसीयूच्या नोंदवहीत वजन आणि तापमानाशेजारी दोन रकाने वाढवावेत: आज बाळ किती तास अंगाशी होते, आईचे दूध किती मिली. आढावा बैठकीत जे विचारले जाते तेच वॉर्डात होते, हे आपण जाणताच.

कळावे,

आपले,
प्रसूती व नवजात कक्षांत काम करणाऱ्या परिचारिका, स्तनपान समुपदेशक आणि बालरोगतज्ज्ञ, सातारा जिल्हा