खानावळीच्या मावशींचे जाहीर आभार

मावशी, नमस्कार.

लातुरात शिकायला आलेली पोरं दिवसातले दहा-बारा तास बसून काढतात. वजन वाढलं की आधी उपवास धरतात, आणि नेमकं उपवासाच्याच दिवशी त्यांचं गणित बिघडतं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ उगीच नाही म्हणत. आहार आणि व्यायाम शिकवणारे आम्ही फळ्यावर कॅलरी लिहीत बसलो. तुम्ही सरळ तेलाची पळी बदललीत. हे पत्र त्यासाठीच.

पूर्वीच्या खिचडीचा हिशेब बघा. एका ताटाला 60 ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे 210 कॅलरी, 30 ग्रॅम दाण्याचं कूट म्हणजे 170, आणि 30 मिली तेलाच्या जवळपास 250. झाल्या सव्वासहाशे, बटाटा वेगळाच. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं, म्हणून दोन तासांत पुन्हा भूक. नुसतं तेल कमी केलं तर खिचडीचा गोळा होतो आणि पोरं नाकं मुरडतात. तुम्ही साबुदाणा पाणी नितळ येईस्तोवर धुतलात, भिजवताना पाणी जेमतेम वर ठेवलंत, कूट जाडसर केलंत. चिकटपणा धुण्यात गेला, उरलेली ओल कुटानं ओढली, आणि ताटामागे दोन लहान चमचे तेल पुरलं.

पण खरी शाबासकी भगरीची. 50 ग्रॅम भगर, 20 ग्रॅम दाण्यांची आमटी, चमचाभर तूप, पेलाभर ताक: पावणेचारशेच्या आसपास, आणि पोटाला आधार. आमटी दाट करायच्या नादात दाणे दुप्पट पडतात, तेवढं सांभाळायचं. तुम्ही ते वाटीनं मोजता, अंदाजानं नाही.

जेवल्यावर दहा मिनिटं चालून आल्याशिवाय दुसरं ताक नाही, हा तुमचा नियम आम्ही आता वर्गात सांगतो. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. आठवड्याला 150 मिनिटं चालणं आणि दोन दिवस जोर-बैठका एवढं तरी हवंच. नुसत्या उपवासानं चरबीबरोबर स्नायूही झिजतात, मग पहिल्यासारखं जेवण सुरू झालं की वजन परत चढतं. पहिल्या चार दिवसांत काटा दोन किलोनं खाली आला म्हणून पोरं नाचतात. त्यात बरंचसं पाणीच असतं. आठवड्याला अर्धा किलो ही चाल बरी. वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी, त्याच काट्यावर करायचं.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘डॉक्टरला विचारलं का?’ असं विचारल्याशिवाय तुम्ही फराळाचं ताट वाढत नाही, याचे आभार वेगळे. डोस तोच आणि पोट रिकामं असलं की रक्तातली साखर 70 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली घसरू शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. गल्ल्याशेजारची तुमची साखरेची बरणी त्यासाठीच आहे, हे पोरांना अजून ठाऊक नाही.

एक तक्रार मात्र आहे. रविवारच्या धपाट्यांना अजून माप लागलेलं नाही. ओल्या फडक्यावर पाण्याच्या हातानं थापले तर कडेनं एक चमचा तेल पुरतं. सध्या तव्यावर तळं साचतंय. तेवढं बघा.

आपले,
आहार-व्यायाम वर्गातले सगळे