आक्रमक संगीत: सूर आणि शब्द

संपादक महोदय,

आक्रमक संगीताने मन बिघडते, असे सरसकट म्हणण्यापूर्वी सूर आणि शब्द वेगळे करून पाहावेत. हिंसक शब्दांच्या गाण्यांनी श्रोत्यांच्या मनात वैरभाव वाढतो, असे अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. उलट ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात, ‘एक्स्ट्रीम मेटल’ या अतिशय कर्कश रॉक संगीताच्या, आधी मुद्दाम राग आणलेल्या ३९ चाहत्यांपैकी ज्यांनी आपल्या आवडीचे संगीत ऐकले, त्यांची चिडचिड ओसरली. अर्थात, हे मुळातले चाहते होते, हे विसरून चालणार नाही. मला स्वतःला कर्कश गिटार (साठी उलटूनही) खटकत नाही. मात्र शिवीगाळीचे धृपद दिवसभर कानांवर पडले, की रात्री ध्यानाला बसल्यावर श्वास मोजता मोजता तेच ओठांवर येते आणि आकडा चुकतो.

– एक वाचक