आधी एक ट्रान्झिस्टर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

गिटारसाठी घरी बनवायच्या इफेक्ट पेडल्सची तुझी यादी वाचली. डिले, रिव्हर्ब, फेझर आणि सगळ्यात शेवटी ‘साधा ओव्हरड्राइव्ह’. ती यादी उलटी कर आणि ओव्हरड्राइव्हच्याही आधी एक ओळ घाल: बूस्टर, म्हणजे गिटारचा सिग्नल नुसता मोठा करणारं सर्किट. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक पॉट (व्हॉल्यूमसाठी फिरवायचा रेझिस्टर). १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने एलपीबी-१ या नावाने विकला तो जवळपास एवढाच होता. तयार किट मागवू नकोस. किटवर सोल्डर मारायला शिकशील, सर्किट कळणार नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीत बीसी५४९ ट्रान्झिस्टर माग. नसेल तर बीसी५४७ चालेल. दोन-चार रुपयांची गोष्ट, दहा घे, पहिले दोन-तीन जळणारच. मूळ सर्किटात ट्रान्झिस्टरच्या बेस या पायाला ९ व्होल्टकडून ४३० के (किलो-ओहम) आणि ग्राउंडकडे ४३ के आहे. हे आकडे दुकानात सहसा नसतात. ४७० के आणि ४७ के घे. गुणोत्तर तेच, त्यामुळे व्होल्टेजही तेच. कलेक्टरला १० के, एमिटरला ३९० ओहम. सिग्नल आत येताना आणि बाहेर जाताना ०.१ मायक्रोफॅरड (त्यावर १०४ छापलेलं असतं), शेवटी १०० के चा पॉट.

चपटी बाजू तुझ्याकडे आणि पाय खाली धरलेस की बीसी५४९ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. नेटवरच्या बहुतेक आकृत्यांत २एन५०८८ असतो, त्याचे पाय बरोबर उलटे. उलटा बसला तर कधी कधी बारीकसा आवाज येत राहतो, म्हणून चूक लवकर सापडत नाही. लांब ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता पार्ट खोचायचा बोर्ड) पॉवर पट्ट्या बरेचदा मधोमध तुटलेल्या असतात, तेही मीटरने तपासून घे.

गिटार लावण्याआधी मल्टिमीटर लाव. बेसवर साधारण ०.८ व्होल्ट दिसतील. त्यातले ०.६ च्या आसपास ट्रान्झिस्टर स्वतःला ठेवतो, उरलेले ०.१५ ते ०.२ एमिटरवर. ३९० ओहममधून म्हणजे अर्ध्या मिलिअँपच्या आतबाहेर करंट. तोच करंट वरच्या १० के मधून येतो आणि तिथे चार-पाच व्होल्ट पडतात. कलेक्टरवर ४ ते साडेपाच उरले पाहिजेत. सिग्नलच्या लाटेला वर आणि खाली सारखी जागा हवी, म्हणून हा मधला आकडा. कलेक्टरवर पूर्ण ९ दिसले तर ४७० के लागलेलाच नाही. जेमतेम ०.४ व्होल्ट दिसले तर ४७ के सुटलाय.

आता तुझा प्रश्न, आवाज इतका फाटतो का. गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, ढोबळपणे १० के भागिले ३९०, म्हणजे पंचवीसच्या आसपास (प्रत्यक्षात जरा कमी). जोरात वाजवलंस की एवढी मोठी लाट ९ व्होल्टात मावत नाही, तिची टोकं कापली जातात. दहा हवा असेल तर ३९० च्या जागी १ के लावशील. लाव, आणि कलेक्टर पुन्हा मोज. सातच्या वर गेलेला दिसेल, कारण एमिटरवरचे व्होल्ट तेवढेच राहिले आणि रेझिस्टर अडीच पट झाला, करंट घटला. आता लाटेची एकच बाजू आधी कापली जाईल. मग ४७ के काढून ६८ के लाव: बेस वर सरकतो, एमिटरवर ०.४ च्या पुढे येतात, कलेक्टर पुन्हा पावणेपाचच्या आसपास. डिझाइन म्हणजे हेच, सई. एक हलवलं की दुसरं हलतं, आणि किती हलेल ते वहीत आधी लिहायचं, मग मोजायचं.

दुसरा प्रयोग सिग्नल आत येतो त्या कपॅसिटरचा. या सर्किटचा इनपुट रोध जेमतेम ३५ के आहे, त्यामुळे ०.१ ला आवाजातला खर्ज साधारण ४५ हर्ट्झच्या खाली कमी होतो. गिटारची जाड ई ८२ हर्ट्झची, म्हणजे सुरक्षित. त्या जागी ०.०१ (१०३) घाल, कट ४५० हर्ट्झवर जातो आणि ट्रेबल बूस्टर हातात येतो. पण ३५ के पिकअपसाठी फार कमी आहे. त्याने वरचा चमकदारपणा मरतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम खाली आणलास की जास्तच. त्यावर उपाय १ मेगओहम इनपुटचा बफर (पिकअपवर भार न टाकणारं सर्किट), तो पुढच्या महिन्यात.

आवाज नाही आला तर सगळं उपटून पुन्हा लावू नकोस. एका केबलच्या टोकाला ०.१ चा कपॅसिटर जोड, दुसरं टोक अँपला, अँप अगदी हळू. इनपुट जॅकपासून एकेक जोड कपॅसिटरच्या मोकळ्या टोकाने शिवत जा. जिथे आवाज संपतो त्याच्या आधीच्या पार्टमध्ये गडबड. शिट्टी वाजली तर आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर एकमेकींना चिकटल्यात. मधूनच आकाशवाणी लागली तर बेस आणि ग्राउंडमध्ये १०० पिकोफॅरड टाक.

आधी ९ व्होल्टची बॅटरीच वापर, स्वस्त अडॅप्टर गुणगुणतात. पेटीत बसवताना इनपुट जॅक स्टिरिओ घे आणि बॅटरीची काळी वायर त्याच्या रिंगला जोड. प्लग आत गेला की तीच वायर ग्राउंडला मिळते, प्लग काढला की बॅटरी बंद. एलईडी सर्किटपेक्षा जास्त करंट खाते, तिला ४.७ के लाव.

आणि ट्यूब अँप कुणाचाही असो, उघडायचा नाही. बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट राहतात.

३९० आणि १ के, दोन्हींचा कलेक्टरवरचा आकडा मला कळव. बॅटरी त्या वेळी किती होती तेही लिही, नुसत्या कलेक्टरवरून काही सांगता येत नाही.

तुझी,
आई