तक्रार: प्रोजेक्टमधे ९६० टिक, एक्सपोर्ट केलं की ९६

नमस्कार सपोर्ट टीम,

हे माझं चौथं पत्र. आधीची तीन तिकिटं तुम्ही "सॉल्व्हड" म्हणून बंद करून टाकलीत, सॉल्व्ह काहीच झालेलं नाही, म्हणून आता सगळं एकदाच सविस्तर लिहितेय. प्लीज शेवटपर्यंत वाचा आणि मगच उत्तर द्या, तयार उत्तर चिकटवू नका.

माझा स्टुडिओ म्हणजे घरातला एक कोपरा, ६१ कीजचा कीबोर्ड, पेडल, एक ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन, बस. ऑडिओ रेकॉर्डिंग मी फारसं करत नाही, सगळं काम मिडीत (म्हणजे आवाज नाही, कुठला सूर कधी आणि किती जोरात वाजवला याची नोंद), त्यामुळे संगीताचं सॉफ्टवेअर निवडताना मिक्सर किती भारी दिसतो, सोबत किती जीबीचे लूप फुकट येतात वगैरे बघितलंच नाही. मला हवं होतं ते एवढंच की मी जे वाजवलं ते तसंच्या तसं राहावं, पियानो रोल (सुरांचा आलेख) आणि लिस्ट एडिटर (सुरांची आकड्यांसकट यादी) हाताला सरळ असावेत, आणि मिडी फाइल बाहेर काढता यावी, कारण माझी मैत्रीण दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते आणि चांगले पियानोचे आवाज तिच्याकडे आहेत, मी फाइल पाठवते, ती आवाज लावते, असं आमचं चालतं. दोन महिने तीन-चार सॉफ्टवेअर उतरवून बघितली. तुमच्या फीचर्सच्या पानावर ठळक अक्षरात "९६० पीपीक्यू" लिहिलंय, म्हणजे एका बीटचे ९६० भाग, एक भाग म्हणजे एक टिक, आणि तुमचा लिस्ट एडिटर खरंच सुंदर आहे (हे मनापासून, टोमणा नाही), म्हणून तुमचं घेतलं.

आता प्रॉब्लेम. एक हळू गाणं आहे, ६० बीपीएम, म्हणजे सेकंदाला एक बीट. सुरुवातीलाच चार सुरांचा एक कॉर्ड मी बोटं किंचित मागेपुढे टाकत वाजवलाय, सगळे सूर एकदम पडत नाहीत, खालून वर उलगडत जातात. तुमच्या लिस्ट एडिटरमधे ते चार सूर ०, १२, २६ आणि ३४ या टिकवर दिसतात. बरोबर, मी तसंच वाजवलंय. हाच प्रोजेक्ट मिडी फाइल म्हणून एक्सपोर्ट केला आणि तुमच्याच सॉफ्टवेअरमधे नवीन प्रोजेक्टात परत उघडला तर तेच सूर ०, १०, ३० आणि ३०. शेवटचे दोन एकमेकांवर जाऊन बसले, आणि त्यांच्या आधीची फट १४ ची २० झाली! कानाला कळतं हो हे, उलगडणारा कॉर्ड अडखळल्यासारखा वाटतो. मैत्रिणीने फाइल ऐकून पहिलं काय विचारलं असेल, तर "तू क्वांटाइज का केलंस?" क्वांटाइज म्हणजे सूर आपोआप ठरावीक जागांवर सरकवणं, त्या बटणाला मी हातसुद्धा लावला नव्हता.

सगळे आकडे दहाच्या पटीत का येतायत म्हणून फाइल हेक्स एडिटरमधे उघडली, तो फाइलचे कच्चे बाइट सोळाच्या पटीच्या आकड्यांत दाखवतो. मिडी फाइलचं हेडर १४ बाइटचं असतं, त्यातले शेवटचे दोन बाइट म्हणजे एका बीटला किती टिक तो आकडा. तिथे ०३ सी० असायला हवं, म्हणजे ९६०. तुमच्या फाइलमधे ०० ६० आहे. म्हणजे ९६. फॉरमॅटमधे ३२७६७ पर्यंत जागा आहे त्यामुळे फॉरमॅटकडे बोट दाखवायची सोय नाही, तुमचं एक्सपोर्टच प्रत्येक सूर जवळच्या टिकवर ढकलतंय आणि ६० बीपीएमला तो टिक दहा मिलिसेकंदांपेक्षा मोठा आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, इथे आडात भरपूर आहे, तुमचा पोहराच गळका निघाला.

वेलॉसिटी (सूर किती जोरात वाजवला तो आकडा) नीट येते, पेडलचे मेसेजही गळत नाहीत, खोटं कशाला बोलू. पण अजून एक आहे. एक्सपोर्ट फक्त टाइप ० मधे होतं, म्हणजे सगळे ट्रॅक एकातच ओतले जातात. माझा डावा हात, उजवा हात आणि पॅड असे तीन ट्रॅक चॅनल १ वरच होते, ते असे मिसळले की आता कुठला सूर कुणाचा हे मलाच कळत नाही. ट्रॅक वेगळे ठेवायला टाइप १ असतोच ना, मग तो पर्याय का नाही दिला?

आता तुमची उत्तरं. पहिलं, बफर साइज ५१२ वरून १२८ करा. अहो बफर म्हणजे की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर, ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ चे साधारण साडेअकरा मिलिसेकंद होतात आणि १२८ चे तीनच्या आत, ते मला माहितीये, पण त्याचा फाइल एक्सपोर्टशी काय संबंध? तरी केलं. फरक शून्य. दुसरं, केबल बदलून बघा. प्रोजेक्टमधे सूर बरोबर जागेवर दिसतायत म्हणजे केबलने तिचं काम केलंय की! तीच ती ५ पिनची जुनी केबल, १९८३ च्या स्टँडर्डवर चालणारी, ३१२५० बॉडचा वेग (सेकंदाला तेवढे बिट), आणि ती बिचारी एक सूर एका मिलिसेकंदाच्या आत पोचवते, आणि तुमचं एवढं मोठं सॉफ्टवेअर तोच सूर फाइलमधे लिहिताना पाच-पाच मिलिसेकंद हलवतं. तिसऱ्या उत्तरात काय, तर रिफंडची मुदत संपली.

मुळात गोम इथेच आहे. तुमच्या ट्रायलमधे सेव्ह आणि एक्सपोर्ट दोन्ही बंद. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी सॉफ्टवेअर निवडत होते नेमकी तीच पैसे भरल्याशिवाय तपासता येत नाही. रीपर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर ६० दिवस सगळं उघडं ठेवून वापरायला देतं, तसं तुम्ही ठेवलं असतं तर मला पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं आणि हे पत्र लिहायची वेळच आली नसती. घेतल्यावर चौथ्या दिवशी मी पहिली तक्रार टाकली, तुमचं पहिलं उत्तर यायला ९ दिवस लागले, आणि रिफंडची मुदत आहे १४ दिवसांची. हिशोब तुम्हीच करा. तक्रार मुदतीतच आली होती, उशीर तुमच्याकडून झालाय.

तर मला हे हवंय. एक्सपोर्ट प्रोजेक्टच्याच रिझोल्यूशनला व्हावं आणि टाइप १ चा पर्याय यावा, आणि हे कुठल्या अपडेटमधे येणार ते लेखी कळवा. "टीमकडे पाठवलंय" हे उत्तर धरणार नाही. येणार नसेल तर पूर्ण पैसे परत करा, कूपन किंवा पुढच्या व्हर्जनवर सूट नको. आणि तोपर्यंत त्या फीचर्सच्या पानावर ९६० च्या शेजारी एवढं तरी लिहा की एक्सपोर्ट ९६ लाच होतं, म्हणजे माझ्यासारखं अजून कुणी फसणार नाही.

सोबत मूळ प्रोजेक्ट, एक्सपोर्ट केलेली फाइल आणि दोन्ही लिस्ट एडिटरचे स्क्रीनशॉट जोडलेत, कॉर्ड पहिल्याच बारमधे आहे, शोधावा लागणार नाही. बफर साइज अजून १२८ च आहे, ते परत विचारू नका.

तुमची (सध्या तरी) ग्राहक