मनूला, पेपरच्या निमित्तानं

सोलापूर, रविवार

प्रिय मनू,

काल तू फोन आपटलास त्याचा राग नाही. "जेवलीस का, झोपलीस का, दुसरं काही विचारता येत नाही का तुला?" असं म्हणालीस, म्हणून या पत्रात तेवढं सोडून बाकीचं लिहायचं ठरवलंय. पण लायब्ररीच्या जिन्यात तुला चक्कर आली हे तुझ्या मैत्रिणीकडून कळावं, हे मनाला लागलं. हिमोग्लोबिन ८.६. बाबांनी तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. असो. तुझ्या संशोधनाच्या पेपरचं बोलू.

विषय फार आवडला. विडी वळणाऱ्या बायकांची कमाई आणि त्यांच्या मुलींचं शिक्षण. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगूनही झालं. पण प्रश्नावलीतल्या सातव्या प्रश्नाला, 'आपले मासिक उत्पन्न किती?', खरं उत्तर मिळणार नाही. बायका खोटं बोलतात असं नाही, त्यांचा हिशोब महिन्याचा नसतोच. मजुरी हजार विड्यांवर. पान कसं आलं, किती विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, त्यावर आठवडा ठरतो. त्यापेक्षा विचार की गेल्या आठवड्यात किती विड्या दिल्यात, किती नाकारल्या, हातात किती पडले.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. विडी कामगाराचं कार्ड आईच्या नावावर, सुपावर हात मात्र दोघी-तिघींचे. समोरच्या अक्कांची धाकटी आठवते? शाळेतून आली की दप्तर टेकवून विड्यांना दोरा बांधायला बसायची. तू तिला खेळायला बोलवायला जायचीस आणि तिच्याशेजारी कात्री घेऊन पानं कापत बसायचीस; परकराला तंबाखूचा वास घेऊन घरी यायचीस. त्यांच्या घरी विड्या जास्त, म्हणून कमाई जास्त, आणि पोरगी नववीतच घरी बसली. तुझं गृहीतक म्हणतं, कमाई वाढली की मुलीचं शिक्षण वाढतं. इथं कमाईच मुलीच्या हातांनी वाढलेली! म्हणून घरात कोण कोण विड्या वळतं आणि रोज किती तास, हे विचारलंच पाहिजे. नाहीतर सॉफ्टवेअर आकडा देईल आणि तू तो उलटा वाचशील. विश्लेषणाला बसल्यावर हे सुचून काय उपयोग? फॉर्म तोवर भरून झालेले असतात.

यासाठीच टप्पे पाड म्हणते. सगळं एकदम अंगावर घेतलं की दिवस पुरत नाही, मग रात्री जागायच्या, मग जिन्यात... नाही लिहीत. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालमधल्या तागाच्या पिकाची पाहणी १९३७ साली छोट्या भागापासून सुरू केली. चुका आणि खर्च बघत दरवर्षी वाढवत नेली, अख्ख्या प्रांताची पाहणी व्हायला १९४१ उजाडलं. तुला वीस घरांनी सुरुवात करायला कसली लाज?

आणि तू भरून घ्यायचे ठरवलेले ते ३८४ फॉर्म! ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक (म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव वेळा उत्तर खऱ्याच्या ५ टक्के अलीकडे-पलीकडे), प्रमाण निम्मं धरलं की हा आकडा येतो, तोही निवड यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी, असेल तरच. ओळखीच्या गल्लीतून गोळा केलेल्या ३८४ फॉर्मना तो आधार नाही. १९६ घेतलेस तर चूक ७ टक्क्यांवर जाते. तुझ्या मॅडमना स्पष्ट विचार, चालेल का. चाललं तर निम्मी पायपीट वाचेल. एकटीनं पंधरा दिवसांत ३८४ घरं फिरायची तुझी तब्येत नाही सध्या.

लिहिणंही शेवटावर ढकलू नकोस. घरं कशी निवडली, काय विचारलं, संमती कशी घेतली, हे करता करताच लिहून टाक. निष्कर्ष आकडे आल्यावर, सारांश सगळ्यात शेवटी. कुठली चाचणी लावायची ते मात्र आकडे बघायच्या आधी ठरव. पी, म्हणजे खरा संबंध नसतानाही एवढा आकडा योगायोगानं येण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली येईपर्यंत चाचण्या बदलत बसायचं नाही. संबंध नाही निघाला तर नाही निघाला, तसंच लिही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहरावरचा १९६५ चा अभ्यास वाचलास का? नसेल तर आधी तो.

बघ, वर्गात शिकवल्यासारखं झालं. माफ कर. तुला यातलं बरंच माहीत असणार, दहावीपासून आकड्यांत तू माझ्यापुढेच आहेस. मला अभिमानच वाटतो, आणि तोंडावर सांगता येत नाही. पण रात्री अडीचला तुझं 'ऑनलाइन' दिसलं की माझीही झोप जाते, त्याला काय करू?

शुक्रवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं ये, बाबा स्टेशनवर येतील. अक्का तेलुगूतून प्रश्न वाचून दाखवायला तयार आहेत, मात्र विड्या देऊन परत आल्यावरच. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, अंगी लागत नाही. फॉर्म तिकडून छापून आणू नकोस, आपल्या कोपऱ्यावर झेरॉक्स स्वस्त पडते. आणि सातवा प्रश्न बदलल्याशिवाय एकही प्रत काढायची नाही.

तुझी
आई