जग बँडला सुरईच हवी

मा. संपादक, स. न.

अमेरिकेच्या दक्षिणेतलं जुनं तंतुवाद्यांचं आणि जग बँडचं (इंग्रजी ‘जग’ म्हणजे सुरई; तिच्यात फुंकून खर्ज धरणारा वाद्यवृंद) संगीत बेळगावात बसवू पाहणाऱ्या तरुणांना कळकळीची विनंती : सुरईच्या जागी बास गिटार घेऊ नका. लुईव्हिलमध्ये रुजलेल्या आणि मेम्फिस जग बँडने १९२७ पासून ध्वनिमुद्रिकांवर आणलेल्या या संगीताचा खर्ज फुंकरीतून येतो, आणि त्याची गोडी तिथेच आहे.

सुरई ओठांना टेकवायची नाही. तोंडापासून इंचभर लांब धरायची आणि ओठ थरथरवत स्वर आत सोडायचा. ती तो घुमवते. बासरीसारखी कडेवर फुंकली तर एकच स्वर निघतो आणि गाणं अडतं. भांडं चारेक लिटरचं, अरुंद तोंडाचं असावं. खानापूरच्या कुंभारांकडून करून घेता येईल, मात्र पक्की भाजलेली, आतून झिलई दिलेली मागा. साधी लाल माती सच्छिद्र असते, वाफ शोषून घेते.

बँजोला कातडी पडदा असेल तर आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत तो ढोलकीच्या पुडीसारखा सैलावतो. घोडी (तारा पेलणारी लाकडी पट्टी) खाली बसते, तारा दांडीवर घासतात. पावसात आवळलेला पडदा तसाच ठेवला तर उन्हाळ्यात फाटतो. त्यापेक्षा प्लास्टिकचा बरा.

व्हायोलिन नेहमीच्या जी-डी-ए-ई स्वरांऐवजी ए-ई-ए-ई असं लावताना खर्जाच्या दोन तारा एकेक पूर्ण स्वर चढवाव्या लागतात. सावकाश चढवा, घोडी पुढे झुकत असेल तर लगेच सरळ करा.

– जुन्या तंतुवाद्यांचे काही अभ्यासक, बेळगाव