नारळ फोडलात त्याच भिंतीवर जेसीबी चालला

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर आपण आमच्या गिरणाकाठच्या गावी आला होतात. माझ्या वर्गातली आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाची पोरं गावकऱ्यांसोबत अंगणवाडीला पडवी बांधत होती. आपण नारळ फोडलात, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकलात आणि माइकवर म्हणालात, "हेच खरं शिक्षण. मंजुरीचं मी बघतो."

बघितलंत. परवा सकाळी जेसीबी आला आणि चार महिन्यांचं काम वीस मिनिटांत भुईसपाट. कारण काय, तर टाइप प्लॅनमध्ये, म्हणजे सरकारच्या ठरीव नकाशात, पडवी बसत नाही!

ती पडवी कुठून आली ते ऐका. गेल्या एप्रिलात पोरं पहिल्यांदा गावात गेली ती लॅपटॉपवर काचेची दर्शनी भिंत घेऊन. आपल्या खान्देशच्या उन्हात काच! एका आजीनं चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "पोरी, आठे दुपारले लेकरं झोपतीन का?" (इथं दुपारी मुलं झोपतील का?) सहा आठवड्यांची ड्रॉइंग्ज तिथंच रद्दीत गेली. मग पोरं आजीच्याच धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढली. लाकडी सर (तुळया), त्यांवर किलचन (आडव्या काटक्या-फळ्या), वर मातीचा जाड थर, पावसाळ्याआधी खारी माती. एकीनं थर्मामीटर लावला: शेजारच्या पत्र्याखाली 43, धाब्याखाली 35. (एकाच दुपारी मोजलंय, शास्त्रज्ञांनी भांडायला येऊ नये.) गवंडी आप्पांनी तिला गारा, म्हणजे बांधकामाचा चिखल, पायानं तुडवायला लावला. तिसऱ्या दिवशी ती नुसत्या टाचेनं सांगू लागली, पाणी कमी पडलंय की जास्त. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात या टाचेला एक गुण नाही.

हे माझं खूळ नाही. अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठानं 1993 सालीच रूरल स्टुडिओ काढला. तिथली मुलं गावात राहून, गरिबांसाठी खरीखुरी घरं बांधूनच शिकतात. आणि अलाबामा तरी कशाला? आपल्या पांझरा नदीवर शेतकऱ्यांनी फड पद्धत शेकडो वर्षं चालवली, पाणी मिळून अडवलं, मिळून वाटलं. कुठल्या मंत्र्याचा नारळ न फोडता.

पण तुमच्याकडे विचारायची रीतच नाही. घरकुलाला सपाटीवर 1 लाख 20 हजार, किमान 25 चौरस मीटर, एवढं ठरलेलं. त्यात चूल कुठं, ओटा कुठं, हे त्या घरातल्या बाईला किती साहेबांनी विचारलं? माझ्या अंदाजानं शंभरात दोघांनीही नाही. आकडा चुकला असेल तर खरा तुम्ही सांगा, फायली तुमच्याकडेच आहेत. आमच्या पडवीत ठेकेदार नव्हता, टक्केवारी नव्हती. मग ती प्लॅनमध्ये बसणार कशी?

माझंही ऐकून घ्या. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. सहा महिन्यांचं मानधन थकलंय. या पडवीपायी जाऊन-येऊन 58 किलोमीटर मोटारसायकल हाणली, अकरा हजारांचं पेट्रोल खिशातून गेलं, कंबरेला पट्टा लागला. घरी विचारतात, 'त्या गावाला तुमची बदली झाली का?' कायम नोकरीच नाही त्याची बदली कसली! नेमणूक मागायला गेलो की आरक्षणाचं रोस्टर, रोस्टर झालं की वित्त विभाग, तिथून निवडणूक. पाच वर्षांत पोरगं आर्किटेक्ट होऊन बाहेर पडतं, मास्तर मात्र तासावरच.

मागणी फारशी नाही. पडवी पुन्हा बांधायची लेखी परवानगी द्या, पाडणाऱ्या साहेबानं गावात येऊन आजीला कारण सांगावं आणि गावातल्या कामाला अभ्यासक्रमात गुण असावेत.

तूर्त एक अडचण तेवढी सोडवा. 15 तारखेच्या आत बावीस पोरांचे गुण ऑनलाइन भरायचे आहेत. 'प्रकल्प पूर्ण' की 'अपूर्ण', एवढे दोनच पर्याय दिसतात. पडवीची चौकट माझ्या ओट्यावर उभी आहे. कोणतं बटण दाबू?

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक मास्तर,
जळगाव जिल्हा